अंत्यविधीची सेवा देताय? या चुका टाळा

फोन बहुतेक वेळा जावई करतो, नाहीतर शेजारचे काका. आमच्या पुण्यातल्या दुकानात नव्या पोराला पहिली ताकीद हीच, की फोनवर 'बॉडी कुठंय?' असं विचारायचं नाही. 'आजी घरी आहेत की हॉस्पिटलमध्ये?' असं विचारायचं. आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही. सवयीनं निघून जातं तोंडातून. माझ्याही एकदा गेलं होतं. दारातल्या म्हातारीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, ते अजून आठवतं.

सगळ्यात महागात पडते ती कागदाची चूक. मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून दिलेला नमुना ४अ लागतो. हॉस्पिटल देतं तो नमुना ४. त्याशिवाय स्मशानाचा पास अडतो. रात्री दोन वाजता, पेशंटला कधी न पाहिलेला डॉक्टर सही करत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून पहिल्याच फोनवर विचारून घ्या, 'औषधं कोणत्या डॉक्टरांची चालू होती?' न बघता सही ठोकणारा डॉक्टर गाठून देण्याचा उद्योग करू नका. पडणं, भाजणं, विष, अपघात यातलं काही असेल किंवा नुसती शंका जरी आली, तरी पोलिसांना कळवल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. पंचनामा, शवविच्छेदन यात दिवस जाऊ शकतो, हे घरच्यांना तेव्हाच सांगा, म्हणजे गावाकडून निघालेली माणसं ताटकळत नाहीत.

मग नाव. घरातलं कुणीतरी रडत रडत 'माई' सांगतं, फार तर माहेरचं नाव सांगतं, आणि आपलं पोरगं मृत्यूनोंदीच्या अर्जात तेच उतरवतं. आमच्याकडे हे घडलंय. बँक, विमा, पेन्शन, सगळं त्या एका ओळीपाशी अडलं. लेकीनं चार महिने खेटे घातले आणि चूक आमची होती. आता आधार कार्ड समोर असल्याशिवाय मी पेन उघडत नाही आणि भरलेला अर्ज घरच्या एका शुद्धीतल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवतो. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी; पुढे विलंब शुल्क, आणि ३० दिवस उलटले की परवानगीची भानगड.

दाहिनी असो की चिता, पेसमेकर आहे का ते विचाराच. आत राहिला तर उष्णतेनं त्याचा स्फोट होतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यायचा.

नेत्रदानाचं विचारायला आपल्यातलेच बरेच जण कचरतात. 'डोळ्यांचं काही ठरलं होतं का?' एवढंच, आणि एकदाच. साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं. हो म्हणाले तर पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून चालणार नाही, असं काही नसतं.

मुलगा अमेरिकेतून येईपर्यंत थंड पेटी लावतात. एकदा पहाटे चारला फोन आला, पेटी बंद पडली. धावत गेलो. मशीन ठणठणीत होतं. कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला प्लग काढला होता! तेव्हापासून प्लगवर चिकटपट्टी मारून 'काढू नये' लिहितो, आणि एक्स्टेन्शन बोर्डावर पेटी लावतच नाही.

तिरडी वरच्या मजल्यावर बांधण्याचा हट्ट नको. लिफ्टमध्ये ती मावत नाही, वाड्यांच्या जिन्यात वळत नाही. आधी जिना बघून या, तिरडी खाली अंगणात बांधा, वरून चादरीत आणा.

आडनावावरून रीत ओळखायला जाऊ नका. लिंगायतांमध्ये बसवून दफन करतात. तिथे बांबू, मडकं आणि गोवऱ्या घेऊन उभं राहिलात तर शरमेनं मान खाली जाईल. 'तुमच्याकडे कसं करतात?' हा प्रश्न पुरतो. तसंच 'मुलगा कोण?' नको, 'अग्नी कोण देणार?' म्हणा. लेकी पुढे होतात, सुना होतात. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या तर त्यांना बाजूला घेऊन बोला, तिच्यासमोर नाही.

राहिले पैसे. या सामानात घासाघीस करायची नाही अशी आपली रीत. तिचा फायदा उपटणारे आपल्या धंद्यात आहेत, नाही असं नाही. भाव आधीच सांगा, पण घराबाहेर, फोन करणाऱ्या माणसाला, कागदावर: सामान किती, गाडी किती, पेटी किती, गुरुजींचं वेगळं. चितेला साधारण ३०० किलो लाकूड लागतं. विद्युत किंवा गॅसदाहिनीचा पर्याय न सांगताच लाकूड लिहून मोकळं होऊ नका. उरलेलं बिल तिसऱ्या दिवशी, अस्थी सावडून झाल्यावर द्यावं. तेही जावयाच्या हातात. सासूबाई आत बसलेल्या असतात, त्यांना ऐकू जाईल असा आकडा दारात बोलायचा नाही.