चेनसॉची चेन बदलताना

सरावलेला हात चेनसॉची चेन दहा मिनिटांत बदलतो. नवखा माणूस मात्र दोन जागी अडतो. नवी चेन बसतच नाही, किंवा बसते आणि थोड्या वेळात बारवरून, म्हणजे ती ज्या लांब पात्याभोवती फिरते त्यावरून, उतरते. पहिली अडचण चुकीच्या मापाची असते, दुसरी बहुतेक वेळा चुकीच्या ताणाची.

आधी माप. फक्त बारची लांबी सांगून चेन घेऊ नका, कारण एकाच लांबीच्या दोन बारना वेगवेगळ्या चेन लागू शकतात. पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या हे तीन आकडे हवेत. बऱ्याचदा ते बारवर, इंजिनाकडच्या टोकाला कोरलेले असतात. पुसले असतील तर जुन्या चेनवरून काढा. सलग तीन रिव्हेट (चेनचे दुवे जोडणाऱ्या खिळ्या) घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि निम्मं करा, म्हणजे पिच मिळेल. ३/८ इंच आणि ०.३२५ इंच हे पिच जास्त दिसतात. त्यातही साधी ३/८ आणि लो प्रोफाइल ३/८ या दोन वेगळ्या चेन आहेत. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. जाड लिंक खाचेत शिरत नाही, पातळ लिंक डुगडुगते आणि कट वाकडा जातो. लिंक मोजताना पहिलीवर खडूची खूण करा, नाहीतर मोजणी चुकतेच.

आता मशीन. इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि स्पार्क प्लगची कॅप काढा. बॅटरीचं असेल तर बॅटरी बाहेर, विजेचं असेल तर पिन बाहेर. जाड हातमोजे घाला. थांबलेल्या चेनचे दातही हात कापतात.

पुढचं हँडगार्ड हँडलकडे ओढून चेनब्रेक सोडा. काही मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो. ब्रेक लागलेला असताना कव्हर काढलं, तर पट्टा आवळलेलाच राहतो आणि कव्हर परत बसत नाही. नंतर बारचे नट आणि कव्हर काढा, ताणाचा स्क्रू उलटा फिरवून ढिला करा आणि जुनी चेन उतरवा.

आत तेलात भिजलेल्या भुश्शाचा चिखल साचलेला असतो. तो काढाच. बारची खाच पातळ पट्टीने खरवडा, तेलाचं भोक मोकळं करा. बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, अर्धा मिलिमीटर खोल चरे पडले असतील तर तोही बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे ती लवकर खराब करणं.

चेन आधी स्प्रॉकेटवर, मग बारच्या खाचेतून टोकापर्यंत चढवा. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर असायला हवी. चेन उलटी बसली तर मशीन जोरात फिरतं, पण लाकूड कापलं न जाता घासून धूर निघतो. ताणाची पिन बारच्या भोकात बसल्याची खात्री करा, कव्हर लावा आणि नट फक्त हाताने आवळा.

ताण देताना बारचं टोक वर उचलून धरा. ही एक गोष्ट अनेकजण सोडतात, आणि चेन उतरते ती त्यामुळेच. नट ढिले असताना बार किंचित खाली झुकलेला असतो. तसाच ताण दिला, तर काम करताना लाकडाच्या दाबाने बार वर सरकतो आणि चेन ढिली पडते. टोक उचललेलं असतानाच, चेन खालच्या बाजूला बारला टेकेपर्यंत स्क्रू फिरवा. टोक न सोडता पान्याने नट पक्के करा. मग चेन हाताने ओढून पाहा. ती अडखळता कामा नये, आणि बारच्या मध्यावर वर ओढली तरी ड्राइव्ह लिंक खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत.

प्लगची कॅप परत लावा, टाकीत बारचं तेल भरा. मशीन सुरू करून टोक एखाद्या फिकट पृष्ठभागासमोर, त्याला न टेकवता धरा. तेलाची बारीक रेघ उमटली तर चेनला तेल पोचतंय. पहिली काही मिनिटं जोर न लावता चालवा, मग इंजिन बंद करून ताण पुन्हा तपासा. नवी चेन सुरुवातीला सैल होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र तापलेल्या चेनला ताण दिला असेल, तर काम संपल्यावर तो सैल करा. थंड होताना चेन आकसते, आणि तो ओढा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरता दांडा) आणि बेअरिंगवर येतो.