प्रेग्नन्सीत थायरॉइडची गोळी: कधी, किती आणि कशापासून लांब

टेस्ट पॉझिटिव्ह आली की थायरॉइडवाल्या बाईला पहिला प्रश्न हाच पडतो, ही गोळी आता चालू ठेवायची का बंद करायची, बाळाला काही होणार नाही ना. तर लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइड कमी पडतो म्हणून देतात ती गोळी) घेत असाल तर ती बंद करायची नाही, घरातलं कुणी कितीही म्हणालं की "एवढ्या गोळ्या नको गं या दिवसांत" तरी नाही. त्या गोळीत असतं ते तुमची ग्रंथी बनवते तेच हार्मोन, फक्त बाहेरून दिलेलं. आणि बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण १२व्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते, पुरेसं हार्मोन बनवायला १८ ते २० आठवडे होतात, तोवर मेंदूच्या वाढीला जे लागतं ते सगळं आईकडूनच जातं. म्हणजे सुरुवातीचे महिनेच सगळ्यात नाजूक, आणि आपण नेमके तेच "पुढच्या व्हिजिटला विचारू" म्हणत घालवतो.

उलट बहुतेकींचा डोस वाढवावाच लागतो. पहिल्या सोनोग्राफीची वाट बघू नका, टेस्ट आली त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. साधारण २५ ते ३० टक्के वाढ लागते, म्हणून बरेच डॉक्टर आठवड्याला ७च्या ऐवजी ९ गोळ्या घ्यायला सांगतात, म्हणजे रोजची एक आणि कुठल्याही दोन दिवशी डबल. पण हे स्वतःच्या मनाने करायचं नाही कारण ज्यांची ग्रंथी ऑपरेशन करून काढलीये त्यांचं गणित वेगळं, ज्यांना अगदी कमी डोस आहे त्यांचं वेगळं. अजून प्लॅनिंगच चालू असेल तर फारच छान, आधीच विचारून ठेवा की टेस्ट आली की मी काय करू, आणि तोवर टीएसएच २.५च्या खाली आणून ठेवा.

आता रिपोर्ट. टीएसएच उलटं चालतं, आकडा वाढला म्हणजे शरीरात थायरॉइड हार्मोन कमी पडतंय आणि मेंदू ग्रंथीला ढोसतोय. दुसरं म्हणजे रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली नॉर्मल रेंज बऱ्याचदा सगळ्या मोठ्या माणसांसाठीची असते, प्रेग्नंट बाईसाठीची नाही. पहिल्या तीन महिन्यांत प्रेग्नन्सीचं हार्मोन स्वतःच थायरॉइडला थोडं हलवतं त्यामुळे टीएसएच खाली येतं, मग लॅबने वेगळी रेंज दिली नसेल तर वरची मर्यादा साधारण ४ धरतात, आणि ज्यांची गोळी चालू आहे त्यांना २.५च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. त्यामुळे आकडा बोल्डमध्ये नाही, शेजारी बाण नाही, म्हणून सगळं ठीक असं समजून फाइल बंद करू नका, तो आकडा डॉक्टरांना दाखवाच. आणि उलटंही खरं, पहिल्या तिमाहीत टीएसएच जरा कमी दिसलं म्हणून लगेच घाबरून डोस कमी करायचा नसतो.

टेस्ट किती वेळा तर अर्धी प्रेग्नन्सी होईपर्यंत दर ४ आठवड्यांनी, मग ३०व्या आठवड्याच्या आसपास एकदा तरी, आणि डोस बदलला की पुन्हा ४ आठवड्यांनी. रक्त द्यायला जाताना सकाळची गोळी घ्यायची नाही, बरोबर न्यायची, रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनवाली गोळी घेत असाल तर टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, ती आकडे चुकवते, आणि हे लॅबवाला विचारत नाही, आपणच सांगायचं असतं.

खरा घोळ होतो तो वेळेचा. प्रेग्नन्सीत लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतातच आणि या दोन्ही थायरॉइडच्या गोळीला पोटात धरून ठेवतात, शरीरात शोषूच देत नाहीत. बाई बिचारी रोज इमानदारीत गोळी घेतीये, सगळ्या गोळ्या एकाच डबीत, सकाळी पाण्याच्या एकाच घोटाबरोबर, आणि टीएसएच मात्र चढतंच चाललंय. मग डोस वाढवा, पुन्हा वाढवा. खरं तर फक्त ४ तासांचं अंतर ठेवायला हवं होतं. प्रेग्नन्सीच्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये पण लोह-कॅल्शियम असतं, पाकिटाच्या मागे वाचून बघा, आणि अॅसिडिटीच्या औषधांनाही हाच नियम लावा. सोपं टाइमटेबल असं: उठल्या उठल्या रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर, मग निदान अर्धा तास, जमलं तर एक तास काही नाही, चहा-कॉफी पण नाही (हो, तेच सगळ्यात अवघड आहे). लोहाची दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियमची रात्री. डबी सुद्धा वेगळी ठेवा, थायरॉइडची गोळी उशाशी आणि बाकीच्या जेवणाच्या टेबलावर.

सकाळी उलट्या होत असतील आणि गोळी पोटात टिकतच नसेल तर डॉक्टरांना विचारून ती रात्री झोपताना घेता येते, जेवून ३ तास झालेले असले पाहिजेत आणि कॅल्शियम मग दुपारकडे सरकवायचं. एखादी गोळी विसरली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घेऊन टाका, या हार्मोनचा असर शरीरात बरेच दिवस राहतो त्यामुळे एका दिवसाने आभाळ कोसळत नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा विसरत असाल तर मोबाइलला अलार्म लावा.

लक्षणांवर मात्र भरवसा नको. थकवा, बद्धकोष्ठता, वजन, सूज, झोप येणं, हे सगळं थायरॉइडचंही आणि नुसत्या प्रेग्नन्सीचंही, कुठलं कशाचं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून "मला बरं वाटतंय" म्हणून टेस्ट टाळायची नाही.

खाण्याचं फार डोक्यात घेऊ नका. आयोडीन दिवसाला २५० मायक्रोग्रॅम लागतं, मीठ आयोडीनवालं वापरा, पण मीठ जास्त खाऊन थायरॉइड सुधारत नाही, बीपी तेवढं वाढेल. समुद्री शेवाळाच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर साफ नाही म्हणा, त्यात आयोडीन वाट्टेल तेवढं असू शकतं आणि बाळाच्या ग्रंथीला ते झेपत नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ला तर काही बिघडत नाही.

वर लिहिलंय ते कमी थायरॉइडचं. ज्यांचा थायरॉइड जास्त काम करतो त्यांनी यातला डोसचा भाग स्वतःला लावू नये. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल घेत असाल आणि पाळी चुकली तर त्याच दिवशी टेस्ट करा आणि डॉक्टरांना गाठा, कारण साधारण ६ ते १० आठवड्यांत या गोळ्यांमुळे बाळात व्यंग राहायचा धोका असतो, त्यामुळे बऱ्याचदा त्या काळात औषध बदलून देतात किंवा आजार शांत असेल तर थांबवतात. स्वतःहून बंद करणंही तितकंच वाईट. ग्रेव्ह्ज (अँटिबॉडीमुळे थायरॉइड जास्त काम करतो तो आजार) होता आणि ग्रंथी पूर्वीच काढली किंवा ती निकामी करायला रेडिओआयोडीन दिलं असलं तरी ते नक्की सांगा, ग्रंथी गेली तरी रक्तातल्या अँटिबॉडी राहू शकतात आणि त्या बाळापर्यंत पोचतात. खूप उलट्या होणाऱ्या काहींना पहिल्या महिन्यांत थायरॉइड तात्पुरता वाढलेला दिसतो, तो बहुतेक वेळा औषधाशिवाय आपोआप उतरतो.

डिलिव्हरी झाली की डोस सहसा प्रेग्नन्सीच्या आधी होता तिथे परत आणतात आणि ६ आठवड्यांनी टीएसएच बघतात. लिव्होथायरॉक्सिन चालू असताना बाळाला अंगावर पाजायला काही अडचण नाही. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइडची तपासणी होते, ती झाली का ते डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या, गडबडीत राहून जाते. आणि टीपीओ अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध बनवतं त्या, रक्तात तपासतात) पॉझिटिव्ह असलेल्यांनी पुढचं वर्षभर लक्ष ठेवा: आधी धडधड, चिडचिड, हात थरथरणं, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एकदम गळून जाणं, असं झालं तर ते बाळंतपणानंतर येणारं थायरॉइडचं दुखणं असू शकतं. घरचे म्हणणार की झोप होत नाही म्हणून होतंय. होतही असेल, पण एक टीएसएच करून घ्या.