मोंतेच्या कपेलात गाणं ऐकायला जायचंय? मग आधी हे वाचा

ओल्ड गोव्याला आपण सगळेच जातो, बॉम जेझूमधे सेंट झेवियरचं शव ठेवलंय ते बघतो, रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल बघतो, शहाळं पितो नि गाडी मंगेशीकडे वळवतो. पण सेच्या पूर्वेला जी टेकडी आहे ना, तिच्यावर झाडीत एक पांढरं छोटं चर्च आहे तिकडे फार कमी लोक जातात. नोस्सा सेन्योरा दो मोंते, म्हणजे डोंगरावरची सायबीण (मेरी माता), तिचं कपेल. याच कपेलात नि त्याच्या अंगणात फेब्रुवारीत मोंते संगीत महोत्सव भरत आलाय, एका बाजूला पाश्चात्त्य क्लासिकल नि दुसऱ्या बाजूला आपलं शास्त्रीय, मधे कधी नृत्य, कधी फादू, म्हणजे पोर्तुगीज विरहगीतं. मला विचाराल तर मराठी माणसानं आयुष्यात एकदा तरी तिथं बसून गाणं ऐकावं. पण नुसतं तिकीट काढून पोचलं की झालं असं होत नाही, थोडी तयारी लागते, म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिलं काम तारखांचं. महोत्सव दोन-चार दिवसांचाच असतो आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या जाहीर झाल्याचं स्वतः बघितल्याशिवाय ट्रेन-हॉटेल काही बुक करू नका. हा महोत्सव फुंदासांव ओरिएंत ही संस्था करत आलीय, लिस्बनची संस्था, 1988 साली सुरू झालेली, आणि पणजीत फोंताइन्यास भागात त्यांचं ऑफिस आहे. हे कपेलसुद्धा त्यांनीच 2001 च्या सुमाराला दुरुस्त करून घेतलं, त्याआधी त्याची अवस्था वाईट होती. तेव्हा जानेवारी लागला की त्यांच्याकडेच चौकशी करायची, फॉरवर्ड होऊन आलेल्या जुन्या पोस्टरवर अजिबात जाऊ नका, वर्ष बघा आधी. कपेल लहान आहे, आतल्या जागा पटकन संपतात.

तारखा कळल्या की लगेच कॅलेंडर काढून कार्निव्हल कधी आहे ते बघा. कार्निव्हल लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या, आधीचे चार दिवस असतो, बहुतेक वेळा फेब्रुवारीतच येतो, आणि तो नि महोत्सव जवळजवळ आले तर पणजीतल्या रूम महाग होतात, मिरवणुकीच्या दिवशी मांडवीकाठचा रस्ता बंद असतो. अशा वेळी पणजीऐवजी रायबंदर किंवा ओल्ड गोव्याच्या बाजूलाच राहिलेलं परवडतं.

ट्रेनने येणार असाल तर मडगावपर्यंत जायची गरज नाही, करमळी स्टेशनला उतरा, ओल्ड गोवा तिथून अगदी जवळ आहे. फक्त एक लक्षात ठेवा, मुंबईला परत जाणारी कोकणकन्या संध्याकाळीच करमळीहून निघते, म्हणजे वर मैफल रंगात आलेली असताना, तेव्हा "ऐकून रात्रीच्या गाडीने परत" हा प्लॅन डोक्यातून काढून टाका, एक रात्र मुक्काम धराच. पणजीहून यायला कदंबच्या (म्हणजे सरकारी) आणि खाजगी बस दिवसा भरपूर असतात, रस्ताही सुंदर आहे, पणजी ते रायबंदर तो सतराव्या शतकातला पोंते द लिन्यारेस पूल, एका बाजूला मांडवी नि दुसऱ्या बाजूला मिठागरं. पण रात्री नऊनंतर बसचा भरवसा नाही. मी पहिल्या वर्षी टॅक्सी सोडून दिली होती, "नंतर मिळेल कुठलीतरी" म्हणून, आणि आईला घेऊन अंधारात टेकडी उतरून मेन रोडला तासभर उभी होते. परतीची गाडी आधीच ठरवा, शक्यतो जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे एकदमच बोलून घ्या. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पकडलं तर तुमची संध्याकाळ चौकीत जाते. वरचा रस्ता अरुंद, पार्किंग थोडं, त्यामुळे मोठ्या गाडीपेक्षा स्कूटर किंवा टॅक्सी बरी.

आता पोचायचं कधी? माझं ठाम मत आहे की सूर्यास्ताच्या निदान एक तास आधी वर असलंच पाहिजे. फेब्रुवारीत तिथं सूर्य साडेसहाच्या पुढेमागे बुडतो, म्हणजे साडेपाचला तुम्ही अंगणात हवे. कारण तिथून जे दिसतं ते गोव्यात दुसरीकडे कुठं दिसत नाही, खाली माडांच्या हिरव्या गादीतून सेचा बुरूज नि सेंट कॅजेटनचा घुमट वर आलेला, पलीकडे मांडवी, तिच्या पल्याड दिवाडी बेट. एकेकाळी लिस्बनशी बरोबरी सांगणारं शहर होतं हे, रोगराईने नि लोक निघून गेल्याने ओस पडलं, नि आता वरून बघितलं तर फक्त चर्चं आणि झाडं. याच टेकडीवर 1510 च्या मे महिन्यात आदिलशाही तोफा लावल्या होत्या, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने घेतलेलं शहर परत घ्यायला, आणि मग त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला त्याने पुन्हा जिंकल्यावर हे कपेल बांधायला घेतलं असं सांगतात. आपल्या इतिहासातलं जुवे बेटही इथून फार लांब नाही, 1683 मधे संभाजी महाराजांच्या फौजेने तिथला किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय इतका हादरला की त्याने आपला राजदंड झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला होता. हे सगळं माहीत असताना तिथं बसून गाणं ऐकणं वेगळंच असतं, जागेचा भार जाणवतो.

दुपार रिकामी असेल तर व्हाइसरॉय आर्चच्या खालच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला जाऊन या, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, चारपर्यंत परत फिरायचं. पोटभर पण हलकं खाऊन घ्या. वर काय मिळेल याच्यावर विसंबू नका, पाणी मात्र जवळ ठेवा.

कपड्यांचं बघू. देऊळ असो की चर्च, आपल्याला कळतंच, पण गोव्यात आलो की बीचच्या कपड्यांतच फिरायची सवय लागते म्हणून सांगते, खांदे नि गुडघे झाकलेले हवेत. टोपी पुरुषांनी आत काढायची. चपला मात्र काढायच्या नाहीत! आपला हात आपोआप चपलेकडे जातो, माझ्या आईने दारात काढल्या होत्या नि मग सगळे बूट घालून आत चाललेले बघून गोंधळली होती. बाकांच्या पुढे खाली जी लाकडी फळी असते ती गुडघे टेकायची आहे, तिच्यावर पाय ठेवून बसू नका, भाविकांना ते खुपतं. वेदीच्या पायऱ्यांवर चढून फोटो नको, फ्लॅश तर नकोच. आणि एक पातळ शाल न्या, दिवसा घामाने भिजवणारा फेब्रुवारी रात्री टेकडीवर वारा सुटला की चांगला गार होतो. बाहेरच्या मैफलीला डास असतात, ओडोमॉस लावूनच निघा. उतरताना पायऱ्या अंधारात असतात, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर छोटी बॅटरी हवी.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती, ती म्हणजे कुठं बसायचं. साधारण रीत अशी असते की सूर्यास्ताच्या वेळी बाहेर अंगणात एक कार्यक्रम नि अंधार पडल्यावर आत कपेलात दुसरा. बाहेरचं गाणं नि आतलं गाणं या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर आवाज मोकळा निघून जातो, परत येत नाही, म्हणून तिथं माइक-स्पीकर लागतो आणि तुम्ही स्पीकरपासून मधल्या अंतरावर बसलात की झालं. आत मात्र चर्च स्वतःच वाजतं. जाड जांभ्याच्या भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा, उंच छत, पडदे नाहीत, गालिचे नाहीत, म्हणजे आवाज शोषून घेणारं तुमच्या-आमच्या अंगाशिवाय काहीच नाही, त्यामुळे प्रत्येक सूर भिंतींवर आपटून रेंगाळतो नि पुढच्या सुरात मिसळतो.

याचा परिणाम असा की कॉयर, म्हणजे चर्चमधलं समूहगान, किंवा बारोक काळातलं (साधारण सतराव्या-अठराव्या शतकातलं) संथ संगीत, हे अशा जागेसाठीच लिहिलं गेलेलं असतं, ते मागच्या बाकावर बसूनही अप्रतिम लागतं, किंबहुना मागेच जास्त छान, सगळे आवाज एकजीव होऊन येतात. आपल्याकडचा आलापही तसाच. षड्ज लावला की भिंतींतून दुसरा तानपुरा सुरू झाल्यासारखं वाटतं, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण द्रुत सुरू झालं, तबल्याचे तिरकिट नि जलद ताना आल्या की मागे बसणाऱ्याला सगळं एकात एक मिसळून ऐकू येतं, बोल सुटे कळत नाहीत. मी पहिल्या वर्षी मागे बसून मनातल्या मनात वैतागले होते, कलाकारालाच नावं ठेवली, आणि दुसऱ्या वर्षी पुढून तिसऱ्या रांगेत बसले तेव्हा कळलं की चूक बसायच्या जागेची होती. तेव्हा प्रोग्रॅम आधी बघा, तबला, सतार, सरोद, एकल व्हायोलिन किंवा पियानो असेल तर पुढच्या एक तृतीयांश जागांत बसा, कॉयर किंवा फक्त गळ्याचं संथ काही असेल तर निवांत मागे. भिंतीला चिकटून शक्यतो बसू नका, तिथं एका बाजूचाच आवाज कानात भरतो. आणि हॉल भरलेला असेल तर घुमणं जरा कमी होतं, त्यामुळे गर्दीला कंटाळू नका, ती कामाचीच आहे.

टाळ्यांचं पण सांगते. आपल्याला सवाई गंधर्व महोत्सवाची सवय, जागा आली की "क्या बात है" निघतंच, हातावर ताल चालूच असतो, आणि हिंदुस्तानी गाण्याला इथंही ते चालतं, कलाकाराला तेच हवं असतं. पाश्चात्त्य क्लासिकलला मात्र थांबायचं. एक रचना बहुतेक वेळा तीन-चार भागांची असते, त्यांना मूव्हमेंट म्हणतात, नि मधल्या थांब्यात टाळ्या वाजवायच्या नसतात. ओळखायचं कसं? हातात जो कागद मिळतो त्यात रचनेच्या नावाखाली आलेग्रो, अडाजियो असे शब्द एकाखाली एक छापलेले असतात, जितक्या ओळी तितके भाग, बोटावर मोजत बसा. आणि तरी शंका असली तर वादक बो (व्हायोलिनचा गज) खाली घेऊन, खांदे सैल सोडून तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा. तो शेवटचा सूर विझताना जी शांतता असते ना, त्या कपेलात ती फार मोलाची आहे, मोबाइल सायलेंटवर नाही, बंदच करा. लहान मुलं असतील तर दाराजवळच्या कडेच्या जागा घ्या म्हणजे चुळबुळ सुरू झाली की बाहेर अंगणात नेता येतं, तिथूनही ऐकू येतं.

"आपल्याला ते वेस्टर्न कळत नाही" म्हणून फक्त हिंदुस्तानीचा दिवस निवडणारे खूप जण भेटतात. असं करू नका हो. गोव्यात ही दोन्ही गाणी घरचीच आहेत. सोळाव्या शतकापासून इथल्या चर्चच्या शाळांतून गावागावातल्या पोरांना सुरांची लिपी नि व्हायोलिन शिकवलं जायचं, आणि त्यातूनच तयार झालेले गोंयकार वादक पुढे मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. आपण लहानपणापासून जी हिंदी गाणी ऐकतो त्यातली व्हायोलिनची लाट याच मातीतून गेलीय. आणि त्याच मातीतून केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ नि अभिषेकीबुवा. केसरबाईंची भैरवी 1977 मधे व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, बाखच्या रचनांबरोबर एकाच तबकडीवर. मोंतेला एका संध्याकाळी हे दोन्ही प्रवाह एका अंगणात येतात, तर अर्धंच ऐकून का निघायचं? दोन दिवस काढता आले तर दोन्ही काढा, एकच असेल तर ज्या दिवशी बाहेर आपलं नि आत त्यांचं असेल तो दिवस धरा. बाहेर सूर्य मांडवीत उतरताना मारवा किंवा पूरिया धनाश्री मिळाला, संधिप्रकाशाचेच राग ते, आणि मग आत पिवळ्या दिव्यात चार तंतुवाद्यं, याहून चांगला क्रम मला तरी सुचत नाही.

एक छोटं काम जायच्या आधी घरी करा, कार्यक्रमात असलेली पाश्चात्त्य रचना यूट्यूबवर शोधून दोनदा ऐकून ठेवा. पूर्ण समजून घ्यायची गरज नाही, फक्त एखादी धून ओळखीची झाली की तिथं ती परत आल्यावर ख्यालात मुखडा पकडल्यासारखा आनंद होतो. माझी आई, जिने आयुष्यात अभंग नि नाट्यगीतांपलीकडे काही ऐकलं नव्हतं, ती असं ऐकून गेली होती नि त्या रात्री टेकडी उतरताना तीच धून गुणगुणत होती.

संपल्यावर लगेच पळू नका, अर्धा तास गाड्यांची गर्दी असते, तेवढ्यात अंगणाच्या कडेला उभं राहून खालचे दिवे बघा. मग पणजीत परत आलात की गाड्यावरचं रोस ऑमलेट (रस्सा घातलेलं ऑमलेट) आणि गरम पाव खा, रात्री उशिरापर्यंत मिळतं, कांदा-लिंबू जास्त मागून घ्या.