वेबसाइटचा मेनू सगळ्यांना वापरता येईल असा कसा करायचा (आणि ड्रॉपडाउनमध्ये कुठे अडकायला होतं)

मेनू अ‍ॅक्सेसिबल करायचा म्हटलं की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे एखादं प्लगिन टाका, कोपऱ्यात छोटं आयकॉन येईल, झालं काम. नाही होत. अंध माणूस स्वतःचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊनच येतो, त्याला तुमचं अक्षर मोठं करायचं बटण नकोय, त्याला मेनू उघडायचाय. हात थरथरतो म्हणून फक्त कीबोर्ड वापरणाऱ्यालाही तेच हवंय. हे काम एचटीएमएलमध्येच करावं लागतं, दुसरा रस्ता नाही.

सांगाडा सोपा आहे. मेनू नॅव (nav) टॅगमध्ये, आत साधी यूएल-एलआयची (ul, li) यादी, त्यात खऱ्या लिंक. पानावर दोन नॅव असतील तर दोघांना एरिया-लेबल (aria-label, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं नाव) द्या, 'मुख्य' आणि 'तळाचा' एवढं पुरे, कारण हे नेव्हिगेशन आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. चालू पानाच्या लिंकला एरिया-करंट लावा, म्हणजे aria-current="page".

पानात सगळ्यात आधी 'थेट मजकुराकडे जा' ही लिंक ठेवा, फोकस (कीबोर्डने आत्ता जिथे आहोत ती जागा) तिच्यावर आल्यावर ती दिसलीच पाहिजे.

सीएसएसमध्ये कुणी आउटलाइन नन (outline: none) लिहून फोकसभोवतीची रेघ घालवली असेल तर ते आजच काढून टाका. डिझायनरला ती रेघ आवडत नसेल तर फोकस-व्हिजिबल (:focus-visible) वापरून चांगली दिसणारी रेघ आखा, पण मागच्या रंगाशी निदान ३:१ कॉन्ट्रास्ट ठेवा.

आता ड्रॉपडाउन. मी सगळ्यात जास्त इथेच झगडलोय आणि नेटवरचा सगळ्यात वाईट सल्लाही इथलाच आहे, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

होव्हरवर, म्हणजे माऊस नुसता वर नेला की उघडणारा सबमेनू ठेवू नका. कीबोर्डला होव्हर नसतो, टचस्क्रीनला नसतो, आणि जो माणूस स्क्रीन खूप मोठी करून बघतो त्याचा माऊस जरा सरकला की सबमेनू मिटतो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. क्लिकवर उघडा, आणि क्लिक होणारी गोष्ट खरं बटन टॅग असू दे, डिव्हला ऑनक्लिक लावून बटणासारखं रंगवायचं नाही. मग प्रश्न येतो की 'सेवा' ही लिंकही आहे आणि तिच्याखाली सबमेनूही आहे, तर काय करायचं? माझं ठाम मत, 'सेवा'ला फक्त बटण करा आणि ते पान सबमेनूतली पहिली लिंक म्हणून द्या, 'सर्व सेवा'. एकाच शब्दाला दोन कामं दिली की कुणालातरी चुकीचं काम मिळतं.

बटणावर एरिया-एक्सपांडेड (aria-expanded) लावा, बंद असताना फॉल्स, उघडल्यावर ट्रू. हे बटणावरच हवं, खालच्या यादीवर नाही. आणि बटणाचं नाव बदलू नका! नाव 'मेनू बंद करा' झालं आणि वर स्थितीही वाचली गेली की ऐकणाऱ्याला नक्की काय चालू आहे तेच कळत नाही.

बंद सबमेनू डिस्प्ले ननने (display: none) लपवा. नुसती ओपॅसिटी शून्य केली किंवा यादी स्क्रीनबाहेर ढकलली तर आतल्या लिंक टॅबला सापडत राहतात, म्हणजे डोळ्यांनी बघून कीबोर्ड वापरणारा माणूस टॅब दाबत राहतो आणि फोकस कुठे गेला ते दिसतच नाही. अ‍ॅनिमेशन पाहिजेच असेल तर डिस्प्ले ननऐवजी ओपॅसिटीसोबत व्हिजिबिलिटी हिडन लावा.

रोल मेनू (role="menu") आणि रोल मेनूआयटम, हे दोन्ही वेबसाइटच्या नेव्हिगेशनला लावू नका. वाचायला बरोबर वाटतं म्हणून लोक बिनधास्त लावतात, पण हे रोल डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधल्या फाइल-एडिटसारख्या मेनूसाठी आहेत. ते लावले की स्क्रीन रीडर वापरणारा बाणाच्या कीज चालतील अशी अपेक्षा ठेवतो, तुम्ही त्या लिहिलेल्या नसतात, आणि तुमच्या लिंक त्याच्या लिंकच्या यादीत लिंक म्हणून येत नाहीत. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या मार्गदर्शिकेतही साध्या साइटसाठी बटण आणि यादी हीच पद्धत दाखवली आहे.

एस्केप दाबलं की सबमेनू मिटला पाहिजे आणि फोकस परत त्याच बटणावर आला पाहिजे. हे दुसरं अर्ध बरेच जण विसरतात, मग लपलेल्या लिंकवरचा फोकस हरवतो आणि बऱ्याचदा माणूस पानाच्या सुरुवातीला फेकला जातो.

मोबाईलचा तीन रेघांचा मेनू म्हणजे हेच सगळं, फक्त बटणाला 'मेनू' असं नाव द्या कारण नुसतं आयकॉन वाचता येत नाही, आणि कोडमध्ये यादी बटणाच्या लगेच नंतर ठेवा. २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीची नियमावली) टॅप करायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितली आहे, मी ४४ ठेवतो. वर चिकटून राहणारा हेडर असेल तर स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या, नाहीतर फोकस त्याच्यामागे लपतो.

तपासताना माऊस बाजूला ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप एवढ्यावरच पूर्ण मेनू फिरा. मग झूम ४०० टक्के करून बघा. ऑटोमॅटिक चेकरवर थांबू नका, फोकस परत आला की नाही हे तो सहसा सांगत नाही. स्क्रीन रीडरने ऐकूनही बघा: विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असतोच, बहुतेक अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतो. स्क्रीन बंद करून ऐका: बटणावर आल्यावर त्याचं नाव, ते बटण आहे हे, आणि ते मिटलेलं आहे की उघडं, या तिन्ही गोष्टी ऐकू आल्या पाहिजेत, एकही राहिली तर परत कोडमध्ये जा.