शाळेत थेरपी डॉग आणताय? आधी या चुका टाळा

पहिल्या दिवसाचं चित्र ठरलेलं असतं. फाटकापुढे रांगोळी, हलगी, लेझीम, कुत्र्याच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू, पाहुण्यांच्या हस्ते कंदी पेढा. आणि पटावरची सगळी पोरं एकाच वेळी हात पुढे करून उभी. कुत्रा जांभया देतो, ओठ चाटतो, मान दुसरीकडे वळवतो. मोठी माणसं म्हणतात, "किती शांत आहे हो!" तो शांत नसतो, धास्तावलेला असतो. पुढच्या आठवड्यात तो गाडीतून उतरायला तयार होत नाही आणि शाळा जाहीर करते की असली फॅडं आपल्याकडे चालत नाहीत.

चालतात. साताऱ्यात चालतील, सांगलीत चालतील, द्विशिक्षकी वस्तीशाळेतही चालतील. फक्त बहुतेक चुका कुत्रा शाळेत यायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात, आणि त्या मोठ्यांनी केलेल्या असतात.

थेरपी डॉग म्हणजे मुलांना सोबत आणि धीर द्यायला आणलेला शांत स्वभावाचा कुत्रा. तो राखणीसाठी नसतो. आपल्या माणसासोबत तो ठरल्या वेळी येतो, सतरंजीवर बसतो, मुलं त्याच्याशेजारी बसून वाचतात, थोडं कुरवाळतात, आणि तो घरी जातो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ मध्ये कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि नंतर तो बऱ्याच देशांत पसरला. कारण सोपं आहे. जोडाक्षरावर अडखळलं तरी कुत्रा हसत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, असे चार आठवडे मुलं प्रशिक्षित कुत्र्यासोबत होती. लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकावरून मोजलेला त्यांचा ताण इतर मुलांपेक्षा कमी राहिला. वीस मिनिटं हा आकडा लक्षात ठेवा. आपल्याकडे कुत्र्याला प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत ठेवायचा बेत असतो.

पिल्लू आणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. "लहानपणापासून मुलांत वाढेल, सवय होईल," हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण पिल्लाला रेबीजची पहिली लसच साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते. दात येण्याच्या दिवसांत ते सापडेल ते चावतं, त्यात पोरांची बोटंही आली. जंतांचा प्रादुर्भावही पिल्लांत जास्त असतो. गोलकृमींची अंडी मातीत जातात आणि पहिली-दुसरीच्या पोरांचे हात मातीतून थेट तोंडात.

किमान दोन वर्षांचा, नसबंदी झालेला, अनोळखी माणसांत रमणारा कुत्रा हवा. लॅब्रॅडोरच पाहिजे हा हट्ट सोडा. निवांत स्वभावाचा गावठी कुत्रा आपल्या हवेत जास्त टिकतो. उलट जत-आटपाडीकडे दिसणारे कारवान किंवा मुधोळ जातीचे कुत्रे कितीही देखणे असले तरी या कामाला मी सुचवणार नाही. ते परक्याचा हात सहसा खपवून घेत नाहीत, आणि पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं त्यांच्या रक्तात आहे. मधल्या सुट्टीत शाळेत पळत नाही असं काय असतं?

नसबंदीचा मुद्दा वरवरचा समजू नका. माजावर आलेली कुत्री शाळेत आणली तर तासाभरात गल्लीतले सगळे कुत्रे कुंपणापाशी जमतील.

कुत्रा ठरला, माणूस ठरलाच नाही

"शाळेचा कुत्रा" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, मे महिन्यात तो कुठे असेल? दिवाळीच्या सुट्टीत? रविवारी त्याला कोण फिरवणार? उत्तर "शिपाईमामा बघतील" असं आलं तर विषय तिथेच थांबवावा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणखी एक अडचण असते, ती बदलीची. हौशी मुख्याध्यापक बाई कुत्रा आणतात, पोरांना लळा लागतो, आणि बाईंची बदली कोरेगावहून पाटणला होते.

म्हणून शाळेने कुत्रा पाळूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गावातल्या एखाद्या पालकाचा, निवृत्त शिक्षकाचा किंवा डॉक्टरांचा घरचा कुत्रा आठवड्यातून एक-दोनदा यावा. तो कायम त्याच्या मालकाच्या हाती, दोरीला असावा. दोरी क्षणभरही मुलाकडे द्यायची नाही. आणि मालकाने कुत्र्याकडे बघायचं, मुलांकडे शिक्षकांनी बघायचं. एकाच माणसाला दोन्ही जमत नाही.

संमती गृहीत धरणं

शाळा व्यवस्थापन समितीत ठराव, पालकसभेत चर्चा, प्रत्येक घरून लेखी संमती आणि केंद्रप्रमुखांना पत्र, एवढं आधी उरकायचं. त्यात एक नवी बाब आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा ठिकाणांहून मोकाट कुत्री हटवण्याचे आणि आवारं बंदिस्त करण्याचे आदेश दिले. पाळीव, लसवंत, दोरीला असलेला कुत्रा ही वेगळी गोष्ट आहे, पण पालकांच्या मनात दोन्हींची सरमिसळ होणारच. लसीकरणाचं कार्ड पालकसभेत हातोहात फिरवा, म्हणजे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रा असतो, संगम माहुलीला तर शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. तेव्हा आपल्या भागात कुणाची हरकत कशाला असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण अनेक मुस्लिम घरांत कुत्र्याची लाळ लागलेले कपडे नमाजाआधी धुवावे लागतात. मिरजेतल्या वर्गात हे सहज लक्षात येईल, आडगावातल्या शाळेत दोनच घरं असतील तर राहून जाईल. काही मुलांना पूर्वी कुत्रा चावलेला असतो. काहींना दमा असतो. नकार आला तर कारण विचारत बसू नका. त्या वेळी त्या मुलांना दुसरं काहीतरी चांगलं काम द्या. "घाबरट" असा शिक्का एकदा बसला की तो सातवीपर्यंत पुसत नाही.

शेपटीवर विसंबणं

शेपूट हलली म्हणजे खूश, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. ताठ अंगाने, उंच धरलेली शेपूट भराभर हलते तेव्हा कुत्रा उत्तेजित असतो, आनंदी असेलच असं नाही. लहान मुलं तर याहून पुढे जातात. दात विचकणारा कुत्रा त्यांना हसरा वाटतो, असं संशोधकांनाही आढळलं आहे. आणि मूल हसऱ्या तोंडाजवळ आपलं तोंड नेतं.

कुत्रा अस्वस्थ असल्याची पहिली चिन्हं अगदी किरकोळ दिसतात. झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम गोठल्यासारखं स्थिर होणं. यातलं एक दिसलं तरी मुलांना दोन पावलं मागे घ्यायचं. गुरगुरण्याची वेळ येऊच नये, पण आली तर रागावू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना असते. ती दिल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

मुलांना कुत्रा यायच्या आधीच्या आठवड्यात शिकवा. आधी मालकाला विचारायचं, मग हात खाली सोडून थांबायचं, कुत्रा जवळ आला तरच हात लावायचा, तोही खांद्याला किंवा छातीला, डोक्यावरून नाही. तीन सेकंद कुरवाळून हात काढून घ्यायचा. पुन्हा जवळ सरकला तर त्याला आवडलंय, तसाच बसून राहिला तर पुरे. मिठी मारायची नाही, पापी तर नाहीच. एका वेळी दोन किंवा तीन मुलं. चाळीसच्या वर्गात एका दिवशी सगळ्यांची पाळी लागणार नाही. लागू नये. फळ्यावर पाळीचा तक्ता लावा, पोरं तो पाठ्यपुस्तकापेक्षा चोख वाचतात.

डब्यातले बेदाणे

हे सांगलीकरांनी दोनदा वाचावं. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या पोरांच्या खिशात द्राक्षं-बेदाणे असणं ही रोजची गोष्ट आहे, आणि हीच गोष्ट कुत्र्याला विषारी आहे. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होईल याचा हिशेब नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यात आडवा होतो. बेदाणा म्हणजे सुकवलेलं द्राक्ष, तेव्हा वजनाला वजन तो अधिक वाईट. खाल्ल्याचं कळलं तर उलटीची वाट न बघता पशुवैद्यकाला फोन करा.

दुसरा धोका पोषण आहाराचा. उरलेली खिचडी प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवली जाते. तिच्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजलेला असो वा मसाल्यातली भुकटी, फरक पडत नाही. वाढदिवसाचं चॉकलेटही बंद. सोपा नियम करा. जेवणाच्या वेळी कुत्रा आवारात नसेल, आणि खाऊ फक्त मालकाच्या पिशवीतून, मालकाच्या हातून.

ऊन, पाऊस, आवाज

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. माण, खटाव, आटपाडीच्या मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात दुपारी तो बसणार नाही. सकाळच्या शाळेचा पहिला तास ठरवा. मैदानातल्या फरशीवर तळहात पाचेक सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार.

पावसाळ्यात पाटण-जावळीकडे गोचीड आणि ओलं अंग, कृष्णाकाठी पुराचं पाणी आणि त्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार. दरवर्षीच्या लसीत रेबीजसोबत लेप्टोस्पायरोसिसचाही समावेश आहे ना, हे कार्डावर बघा. जंताचं औषध तीन महिन्यांनी. शंका असेल तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. गणपतीच्या मिरवणुकीचे, फटाक्यांचे आणि संमेलनाच्या तालमीचे दिवस सरळ वगळा.

कुत्र्याकडून समुपदेशन

उपक्रम सुरू झाला की अहवाल मागितला जातो. वाचन किती सुधारलं, हजेरी किती वाढली. दोन महिन्यांत आकडे काढायला गेलात तर ते ओढूनताणूनच काढावे लागतील. न बोलणारं मूल कुत्र्यापुढे पुटपुटायला लागलं, हे तक्त्यात बसत नाही. वर्गशिक्षकांनी वहीत दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.

त्याहून गंभीर बाब वेगळीच आहे. कुत्र्याशी बोलता बोलता मूल घरातलं काहीबाही सांगून जातं. मार, दारू, नको तो स्पर्श. शेजारी बसलेल्या मालकाला आणि शिक्षकांना अशा वेळी काय करायचं हे आधीच माहीत हवं. मुलाला खोदून विचारायचं नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, गावात चर्चा तर मुळीच नाही. मुख्याध्यापकांना लगेच सांगायचं. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक १०९८. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. कुत्रा तोंड उघडायला मदत करतो, पुढचं काम माणसांचं.

बिघडलं तर

मूल रडतंय: हात धरून पुढे ओढू नका. "एकदा हात लावला की भीती मोडते" हा आपला आवडता उपाय भीती पक्की करतो. खिडकीतून बघू दे, अंतर त्यालाच ठरवू दे. काही मुलं वर्षभर खिडकीतच राहतात, राहू देत.

घंटा वाजली की कुत्रा भुंकतो: शाळा बंद असताना त्याला आणा, लांबून हळू घंटा वाजवा, सोबत खाऊ द्या, अंतर कमी करत जा. तोवर त्याच्या वेळेत घंटा नको.

शिंका, डोळे लाल, छातीत घरघर: त्या मुलाला लगेच दूर न्या, घरघर असेल तर डॉक्टर. "केस न गळणारी जात आणू" हा तोडगा फसवा आहे, कारण ऍलर्जी लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते.

दात किंवा नख लागलं: जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. चुना, हळद, मिरची, तेल काहीही लावू नका. मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी थांबू नका, मुलाला लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजून गावोगाव आहे. आता लस दंडात किंवा कातडीत देतात, मोजक्या वेळा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं आणि पालकांना त्याच दिवशी शाळेने स्वतः फोन करायचा. त्यांना पोराच्या तोंडून कळलं तर उपक्रम संपलाच म्हणून समजा.

कुत्रा यायला कुरकुर करतोय: महिनाभर सुट्टी द्या. तरीही तेच असेल किंवा वय झालं असेल तर त्याला मोकळं करा, आणि मुलांना खरं कारण सांगा. "तो गावाला गेलाय" असं सांगू नका. वर्गातलं एखादं पोर त्याच संध्याकाळी मालकाच्या ओट्यावर त्याला बघून येतं आणि सकाळी प्रार्थनेआधी सगळ्या शाळेला सांगून मोकळं होतं.