नाणं ग्रेडिंगला पाठवताय? आधी या चुका टाळा

ग्रेडिंग म्हणजे नाणं अस्सल आहे का आणि किती चांगल्या अवस्थेत आहे, हे कंपनीकडून तपासून त्याला १ ते ७० मधला अंक मिळवणं. कुणी नाणं पुढे करून "पाठवू का?" असं विचारलं, की मी आधी एकच गोष्ट विचारतो: हे कधी पुसलंय का?

जुनं नाणं हाती आलं की ते चकचकीत करायचा मोह होतोच. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, अगदी मऊ सुती कापडसुद्धा पृष्ठभागावर केसासारखे बारीक ओरखडे उठवतं. चांदी उजळायच्या द्रावणात बुडवलं तर ओरखडे येत नाहीत, पण पुन्हा पुन्हा बुडवलं की मूळ लकाकी मरते. माझ्याकडचा एक मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, घरात कुणीतरी मायेने पुसून ठेवला होता. समोरून बघितलं तर सुंदर. दिव्याखाली जरा तिरपा केला, आणि नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरून एकाच दिशेने गेलेल्या रेघा उजळून उठल्या. अशा नाण्याला पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांकडून अंकी ग्रेड मिळत नाही. लेबलावर 'डिटेल्स' आणि सफाई झाल्याचा शेरा येतो. फी मात्र तेवढीच द्यावी लागते.

एक गोष्ट वेगळी धरा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो आणि तो हळूहळू धातू खातो. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, न घासता बुडवलं तर तो निघतो आणि धातूला काही होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतरही पदार्थ असतात. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि आग लांब.

ग्रेडचा अंदाज मनासारखा लावणं

दुसरी मोठी चूक इथे होते. आपलं नाणं आपल्याला नेहमी एक पायरी वरचं दिसतं. ६० ते ७० हे ग्रेड व्यवहारात न फिरलेल्या नाण्यांचे आणि ५८ म्हणजे अगदी किंचित झीज. या दोघांतली रेषा फोटोत सापडत नाही, नाणं हातात फिरवावंच लागतं. एकाच दिव्याखाली, नाण्याची फक्त कड धरून ते हळू फिरवा. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. मॉर्गन डॉलरवर कानाच्या वरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती बघा. तिथे पोचल्यावर तो पट्टा तुटला आणि तेवढा भाग करडा, मंद दिसला, तर ती झीज. केस सपाट आहेत पण पट्टा त्यांच्यावरूनही अखंड जातोय, तर ठसाच कमी दाबाचा उमटलाय. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतल्या अनेक मॉर्गन डॉलरांवर असा कमजोर ठसा असतो आणि ते उगाच झिजलेले ठरवले जातात.

मग हिशोब. नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० ही मोजपट्टी मांडली, ती मुळात भावावरच बेतलेली होती: ७० ग्रेडचं नाणं १ ग्रेडच्या सत्तरपट किमतीचं. आज ते प्रमाण उरलेलं नाही. मुबलक मिळणाऱ्या नाण्यात दोन-तीन ग्रेड वर गेले तरी भाव जेमतेम हलतो आणि मग एखाद्या पायरीवर एकदम उडी घेतो. म्हणून तुमच्या अंदाजातला सगळ्यात खालचा ग्रेड धरा. त्याच वर्षाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच ग्रेडचं नाणं लिलावात खरोखर कितीला गेलं ते शोधा. विक्रेत्याने मागितलेला आकडा इथे कामाचा नाही. त्या रकमेतून बिनस्लॅबच्या (म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिक डबीत नसलेल्या) नाण्याचा भाव, फी, हाताळणी, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा वजा करा. खालच्या ग्रेडलाही काही उरत असेल तरच पाठवा. वरचा ग्रेड लागला तरच परवडतंय, असं असेल तर मी पाठवत नाही.

वजन बरोबर, म्हणून नाणं खरं?

मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा आणि ३८.१ मिलिमीटर व्यासाचा. काट्यावर आणि कॅलिपरवर हे जुळलं नाही तर प्रश्न तिथेच मिटतो. जुळलं तरी निर्धास्त होऊ नका. १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हे डॉलर फक्त १,००,००० पाडले गेले. त्या वर्षाच्या दुसऱ्या टांकसाळीच्या खऱ्या डॉलरवर सॅन फ्रान्सिस्कोची 'एस' ही खूण चिकटवून लबाडी केली जाते, आणि नाणं मुळात खरंच असल्याने वजन बरोबर भरतं. भिंगातून खुणेच्या मुळाशी सांधा दिसतोय का ते बघा. समोरच्या बाजूला 'लिबर्टी' शब्दातल्या 'टी'च्या माथ्यावर तिरकी, उठावाची बारीक रेघ असते. अस्सल १८९३-एस डॉलरांची समोरची बाजू एकाच साच्यातून पाडलेली असल्याने ती शोधावीच लागते.

अशा नाण्याच्या बाबतीत मी हिशोब बाजूला ठेवतो. ओरखडे असोत, डिटेल्सचा शेरा येणार असो, तरी पाठवा. तिथे अस्सलपणाचा दाखला मिळाल्याशिवाय जाणकार गिऱ्हाईक पुढे येत नाही. आणि स्लॅब घरी आला की त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. विकत घेतलेला स्लॅब असेल तर हे आधी, पैसे नंतर, कारण नकली स्लॅबही बाजारात फिरतात.