मॉडेल कारच्या रिमोटवरची टेलिमेट्री: सेन्सरची जोडणी आणि अलार्मची बसवणी

टेलिमेट्री असलेल्या रेडिओ कंट्रोल संचात संदेश दोन्ही दिशांनी जातात. हातातला ट्रान्समीटर स्टिअरिंगचा आणि थ्रॉटलचा आदेश गाडीकडे पाठवतो आणि गाडीतला रिसिव्हर बॅटरीचा व्होल्टेज, मोटरचे तापमान, तिचे मिनिटाला होणारे फेरे अशी मोजमापे ट्रान्समीटरकडे परत पाठवत राहतो. हे आकडे पाहायला मौज वाटते, पण गाडी भरधाव असताना तिच्यावरची नजर काढून स्क्रीनकडे पाहण्याची सवड चालवणाऱ्याला मिळत नाही. म्हणून सेन्सर बसवून झाला की अर्धेच काम झाले असे समजावे. नेमक्या आकड्यावर वाजणारा अलार्म लावणे हे उरलेले आणि अधिक नाजूक काम आहे.

आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५च्या नियमांनी परवानामुक्त झालेला असल्यामुळे मैदानावर गाडी चालवण्यासाठी वेगळा रेडिओ परवाना लागत नाही. खरेदीपूर्वी पाहायचे ते वेगळेच. फ्लायस्काय, फुताबा, सान्वा, स्पेक्ट्रम या प्रत्येक कंपनीची संदेशपद्धत स्वतःची आहे, त्यामुळे एकीचा सेन्सर दुसरीच्या रिसिव्हरला सहसा चालत नाही. इतकेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या स्वस्त रिसिव्हरमध्ये टेलिमेट्रीची सोय नसते आणि त्यापेक्षा थोड्या महागात ती असते. ट्रान्समीटर, रिसिव्हर आणि सेन्सर हे तिन्ही एकमेकांशी जुळतात याची खात्री करूनच पैसे मोजावेत. पहिला सेन्सर व्होल्टेजचा घ्यावा, दुसरा तापमानाचा. बाकीचे हौसेचे आहेत.

येथे एक घोटाळा हमखास होतो. टेलिमेट्रीचा रिसिव्हर बाइंड केल्याबरोबर, म्हणजे ट्रान्समीटरशी त्याची जोडी जुळवल्याबरोबर, स्क्रीनवर एक व्होल्टेज दिसू लागतो आणि तो बॅटरीचाच आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो रिसिव्हरला मिळणारा पुरवठा असतो. ईएससीमधले (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकातले) बीईसी सर्किट मुख्य बॅटरीचा व्होल्टेज उतरवून रिसिव्हर आणि सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) यांना साधारण ६ व्होल्ट देते, आणि बॅटरी रिकामी होत आली तरी हा आकडा जवळपास स्थिर राहतो. त्यावर विसंबून गाडी पळवली तर लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी केव्हा खाली गेली ते कळणारच नाही. तरीही हा आकडा निरुपयोगी नाही. गाडी उभी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झटक्याने फिरवावे. त्या क्षणी ६ व्होल्टचा आकडा ५ च्या खाली घसरत असेल, तर ताकदवान सर्व्होची भूक बीईसीला भागवता येत नाही असे समजावे. अशा गाडीत ऐन वळणावर रिसिव्हर बंद पडून पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो.

मुख्य बॅटरीचे मोजमाप हवे असेल तर वेगळा व्होल्टेज सेन्सर लागतो. फ्लायस्कायच्या आय-बस पद्धतीत तो रिसिव्हरच्या सेन्सर पोर्टला जोडतात आणि पुढचे सेन्सर त्यालाच साखळीने जोडता येतात. सेन्सरच्या लाल आणि काळ्या वायरी बॅटरीच्या बाजूला न लावता ईएससीच्या बाजूच्या कनेक्टरवर डाखाव्यात, म्हणजे बॅटरी बदलताना त्या सोडाव्या लागत नाहीत. डाख देताना बॅटरी काढून ठेवावी आणि प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवावी, कारण लायपोच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श झाला तर क्षणात ठिणगी उडते आणि वायर वितळते. जोडणी झाल्यावर मल्टिमीटरने बॅटरीचा व्होल्टेज मोजून स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. एक-दोन दशांश व्होल्टचा फरक आढळल्यास आणि ट्रान्समीटरमध्ये दुरुस्तीची सोय असल्यास तेथे तो भरावा. नसल्यास अलार्मचा आकडाच तितका सरकवावा.

आता अलार्म. दोन सेलची लायपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते आणि तिचा नाममात्र व्होल्टेज ७.४ असतो. ईएससी साधारणपणे सेलमागे ३.२ व्होल्टला, म्हणजे ६.४ व्होल्टला, मोटरची ताकद तोडतो. मात्र तो लायपोऐवजी निकेल बॅटरीसाठी सेट केलेला असेल तर ही राखण मिळत नाही, म्हणून ती जंपर किंवा सेटिंग आधी तपासावी. टेलिमेट्रीचा अलार्म ईएससीच्या बराच आधी वाजला पाहिजे आणि ७.० व्होल्ट हा त्यासाठी चांगला आरंभ आहे. अडचण अशी की थ्रॉटल एकदम दाबला की बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि सोडला की पुन्हा वर येतो. त्यामुळे निम्मी भरलेली बॅटरीही सुटताना अलार्म वाजवते. असे चार वेळा झाले की माणूस त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि मग अलार्म असून नसल्यासारखाच. ट्रान्समीटरमध्ये विलंबाची सोय असेल तर दोन-तीन सेकंदांचा विलंब द्यावा. नसेल तर अलार्म ६.८ व्होल्टपर्यंत उतरवावा, पण त्याखाली नेऊ नये. मैदानावर इतर गाड्यांचा गलका असतो, म्हणून आवाजाबरोबर कंपनाचाही इशारा असलेला ट्रान्समीटर मला अधिक भरवशाचा वाटतो. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी: ७.० ही दोन सेलची बेरीज आहे. त्यात एक सेल ३.७ आणि दुसरा ३.३ असू शकतो, आणि हा दुबळा सेल बेरजेत दडून राहतो. त्यासाठी बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलची वेगळी वायर असलेल्या बॅटरीच्या छोट्या प्लगला) लावायचा साधा सेल चेकर खिशात असावाच.

कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गाडी चालवणाऱ्याला तापमानाच्या सेन्सरची किंमत लवकर कळते. सेन्सरचे टोक मोटरच्या धातूच्या कवचाला घट्ट टेकवून कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने पक्के करावे. ते हवेत लोंबकळले तर आकडा फसवा येतो. सामान्य प्रतीच्या निओडिमियम मॅग्नेटची शक्ती ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची घटू लागते आणि मोटरचे अंतरंग कवचापेक्षा जास्त तापलेले असते, म्हणून अलार्म ७० ते ७५ अंशांवर ठेवावा. गाडी थांबवल्यानंतर मिनिटभर आकडा वाढतच जातो, कारण वारा थांबतो आणि आतली उष्णता बाहेर येत राहते. तेव्हा शेवटची फेरी संपल्यावर लगेच रिमोट बंद न करता हा चढ कुठवर जातो ते पाहावे. रोजच्या वापरात अलार्म वाजत असेल तर पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातचक्र) एका दाताने लहान करून पाहावे. सर्वोच्च वेग थोडा कमी होतो, पण मोटर जगते.

फेऱ्यांच्या सेन्सरमध्ये मॅग्नेटची किंवा मोटरच्या पोलची संख्या चुकीची भरली की आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो. ताळा सोपा आहे: ३३०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे घेणारी) मोटर ७.४ व्होल्टवर बिनभाराने मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे घेईल, आणि स्क्रीन त्याच्या जवळपासही नसेल तर सेटिंग चुकले आहे. सेन्सर धरणारी छोटी पट्टी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणत्याही लेथवाल्याकडून करून घेता येते. मैदानावर फाउंड्रीची टाकाऊ वाळू भराव म्हणून पडलेली असेल, तर त्यातले लोखंडाचे कण मॅग्नेटला चिकटतात आणि मोजणी बिघडते. ब्रशने ते झाडून काढावेत. जीपीएस मात्र छोट्या मैदानावर फारसा कामाचा नाही, कारण ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते आणि सेकंदाला एकदाच नोंद घेणारा जीपीएस तिचा खरा कमाल वेग चुकवतो.

रिसिव्हरच्या अँटेनाचे टोकाकडचे सुमारे ३१ मिलिमीटर उघडे टोक हाच तिचा काम करणारा भाग असतो. ते कापू नये, नळीतून उभे ठेवावे, आणि ईएससी, मोटर व कार्बन फायबरच्या पट्ट्यांपासून दूर न्यावे. गाडीकडून परत येणारा संदेश बहुधा जाणाऱ्या संदेशापेक्षा क्षीण असतो, म्हणून दूरवर टेलिमेट्री तुटल्याचा इशारा आला तरी गाडी ताब्यात असू शकते. घाबरून थ्रॉटल झटकू नये, गाडी जवळ वळवावी. खरी सुरक्षा फेलसेफची, म्हणजे संदेश तुटल्यावर गाडी आपोआप थांबवणाऱ्या सोयीची, असते आणि ती टेलिमेट्रीपासून स्वतंत्रपणे लावावी लागते. गाडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत, थोडा थ्रॉटल द्यावा आणि ट्रान्समीटर बंद करावा. चाके थांबली किंवा ब्रेक लागला तरच गाडी मैदानात उतरवावी.

पावसाळ्यात ईएससी आणि सर्व्हो जलरोधक असले तरी सेन्सरच्या उघड्या पाट्या तशा नसतात. चिखलपाण्यात चालवायचे असल्यास त्या रिसिव्हरच्या बंद डबीत ठेवाव्यात, वायरी जेथून आत जातात तेथे सिलिकॉन ग्रीस लावावे, आणि घरी आल्यावर आधी गाडीची बॅटरी काढून, मग ट्रान्समीटर बंद करून डबी उघडी वाळत ठेवावी.